न सांगता चहाला

कारखान्यानं साखरेची यंत्रं बसवायला आफ्रिकेत माणसं पाठवायची ठरवली, तेव्हा त्यात आम्हा दोघांची नावं लागली. मी वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये राहणारा, माझा मावसभाऊ जवळच्याच कन्हेरी गावचा, दोघंही फिटर. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी तिथं रमणार याची सगळ्यांना खात्री होती, कारण मी म्हणे दगडालाही बोलतं करतो. काळजी होती ती त्याची. तो दिवसभरात चार शब्द बोलला तरी मावशीला बरं वाटायचं.

झालं भलतंच. आमच्याकडं संध्याकाळी कुणाच्याही दारात जाऊन बसायचं, आतून चहा यायचा. त्यात विचारायचं काय? तिथंही मी पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गोऱ्या इंजिनिअरच्या पायरीवर जाऊन बसलो. तो बूट चढवून, हेल्मेट घालून, हत्यारांची पेटी घेऊनच बाहेर आला. त्याला वाटलं, कारखान्यात काहीतरी मोडलं. काही मोडलं नाही, सहज आलोय, हे मला त्याला पटवताच येईना. पुढच्या वेळी आधी कळवून ये, असं तो हसून म्हणाला. गप्पा मारायला आधी कळवायचं म्हणजे काय, हे मला आजही उमगलेलं नाही. मी आधी चिडलो, मग खचलो, आणि करार अर्ध्यावर टाकून घरी आलो. मावसभाऊ मात्र मजेत राहिला.

पुढं मुदत वाढवून घ्यायच्या आधी तो सुट्टीवर आला. त्याला इथंच थांबवायची कामगिरी मावशीनं माझ्यावर सोपवली. बोलणारा मीच ना! ओट्यावर बसून मी त्याला परोपरीनं समजावलं. एकटा पडशील, आईला कोण आहे, सगळं सांगून झालं. त्यानं ऐकून घेतलं.

"हितं जो तो इचारतो, गप का बसलायस, काय झालं," तो म्हणाला. "तितं कुणी इचारत न्हाय. मला बरं वाटतं तितं."

आम्ही लहानपणापासून एका ताटात जेवलेले. तो गप्प असतो, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या विचारण्याचा त्याला जाच होतो, हे कधी वाटलंच नव्हतं. मग आजवर तो इथं करमत नसताना राहत होता की काय? की मला टाळायला असं म्हणाला?

आत गेलो. मावशी भाकरी थापायची थांबली.

"काय म्हणला? ऱ्हातोय का?"

तिथंच पाटावर बसून राहिलो. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आता तू बी गप का बसलायस?"