चुलीमागे एक घमेलं

टेमघरच्या आमच्या मैदानावर दरवर्षी कबड्डीच्या सामन्यांआधी नवी माती पडायची. चुलीमागे एक घमेलं, असा नियम. घरात माणसं दोन असोत की वीस, चूल एक तर घमेलंही एकच. भाऊ वेगळे निघाले की दुसरं घमेलं यायचं. कोणाचं घर फुटलं हे आम्हाला मातीवरून कळायचं. मग पाणी शिंपडून, धुमसाने चोपून मैदान तयार व्हायचं. त्या ओल्या मातीचा वास संध्याकाळभर गल्लीत राहायचा. आत पाय ठेवण्याआधी खेळणारा तर माती कपाळाला लावायचाच, बघायला आलेलाही लावायचा.

माझे वडील तेव्हा मैदानाची व्यवस्था बघत. एका वर्षी जमीन गोदामांना भाड्याने देऊन नवा पैसा आलेल्या एका घराने अख्खा डंपर पाठवला. वडिलांनी त्यातलं एक घमेलं उतरवून घेतलं आणि डंपर परत धाडला. मालक तणतणत आला, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "तुजी माती जास्त पडली तर उद्या रेघ पन तूच मारशील."

काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिक कबड्डी संघाने त्या जागेवर बंदिस्त क्रीडागार बांधायचा प्रस्ताव आणला. जागा पालिकेची. पैसा कोणाचा, यावर देवळाच्या मंडपात सभा भरली. काहींचं म्हणणं, जागा लोकांची तर इमारतही लोकांच्या पैशातून व्हावी, म्हणजे हक्क राहील. मी घरपट्टी वेळेवर भरणारा माणूस. पालिकेने एवढा पैसा इथे घातला तर पाण्याची लाइन आणि शाळेचं छप्पर मागे पडणार, हे मला दिसत होतं. संघाने बांधलं तर शहरावर बोजा नाही, पण किल्ली त्यांच्याकडे. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. आकड्यांत संघाची बाजू सरस होती. तरी मन तिकडे जाईना.

तेवढ्यात वडील उठले. म्हणाले, संघालाच बांधू द्या, पण आमचंही चुलीमागे घ्या.

माझा चुलतभाऊ संघाच्या बाजूचा. तो हसला. "तात्या, समद्या चुली मिलून एक खांब उभा र्‍हाईल."

"मंग एक खांब आमचा असू दे."

संघाचा व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्याने हात जोडले. "बाबा, तुमच्याकडून आम्ही एक रुपयाही घेणार नाही."

टाळ्या झाल्या. लोकांना त्यात आपला मान वाटला. वडील मात्र, पंगतीतून उठवल्यासारखे, चपला शोधत बाहेर गेले.

इमारत ठरल्या मुदतीत उभी राहिली, हे सांगायला हवं. आत धूळ नाही, बसायला खुर्च्या, बायकांसाठी स्वच्छ संडास. आमच्या मैदानावर यातलं काहीच नव्हतं. गावाचे सामने तिथे घ्यावेत म्हणून आम्ही विचारायला गेलो. त्यांनी भाडं बाहेरच्यांपेक्षा कमी सांगितलं. मी ते पडताळून पाहिलं, सवलत खरी होती. तरी ते आमच्या वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्तच होतं. तेव्हापासून गावाचे सामने झाले नाहीत. त्याऐवजी चुलतभाऊ पास वाटून गेला, चुलीमागे दोन.

मी वडिलांना घेऊन गेलो. सामना चांगला झाला. वडील एका चढाईला खुर्चीतून अर्धे उठलेही. संपल्यावर ते सवयीने खाली उतरले आणि मॅटच्या कडेला वाकू लागले. रखवालदाराने हात आडवा केला. "चाचा, उधर नहीं." तोही बिचारा ड्युटीवर होता.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "आपली माती कुटं नेली रं?"

मला ठाऊक होतं. पाया खणला तेव्हा ती वळ गावातल्या एका गोदामाच्या भरावाला गेली होती. तसं सांगितलं.

"चल, बगून येऊ."

स्कूटरवरून गेलो. गोदामाभोवती सगळीकडे काँक्रीट. कुंपणाबाहेर मात्र उरलेला ढीग होता, वर गवत उगवलेला. वडिलांनी गवत बाजूला केलं, चिमूटभर माती बोटांत चुरली आणि कपाळाला लावली. मी डिकीतली भाजीची पिशवी काढून त्यांच्यापुढे धरली. ते ओंजळीने भरू लागले. पिशवीत अजून बरीच जागा होती, ढिगातही माती होती, पण ते मध्येच थांबले.

"आजून घ्या की," मी म्हणालो.

"न्हाय. चूल एकच हाय आपली."

ती पिशवी आमच्या ओट्यावर कोपऱ्यात आहे. सामन्यांचे दिवस आले की वडील संध्याकाळी तिचं तोंड उघडून तांब्याभर पाणी शिंपडतात, आणि मी कामावरून आलो की आत न जाता थोडा वेळ तिथेच बसतो.