सुनंदाताईंचं गार न सोसणारं बोट

"म्याडम, बोट तोडून टाका. कुठं सही करायची ती करते मी."

सुनंदाताई डाळज गावच्या. बारामतीच्या माझ्या दवाखान्यात खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. अनामिकेवर लिंबू. नखुरडं झालं की आपल्याकडे लिंबाला भोक पाडून टोपीसारखं बोटात घालतात. यांचं नखुरडं काही वर्षं चालू होतं. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. शेवटी कुणीतरी मनाच्या गोळ्या दिल्या आणि हे सगळं नाटक आहे अशी घरच्यांची खात्रीच पटली.

"धार काढायची येळ झाली की हिचं बोट दुखतं," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "लिंबू घातलं की तर बोंबच मारती. चांगलं फ्रीजमधलं गार लिंबू असतंय. आराम पडाय पायजे का न्हाय?"

"गार लागलं की जास्त दुखतं?" मी कान टवकारले.

"व्हय. थंडीत तर इचारूच नका," सुनंदाताई म्हणाल्या.

लिंबू काढलं. नखाखाली निळसर ठिपका दिसला. टाचणीच्या डोक्याने मी नखावर दाबत गेले. आजूबाजूला काही नाही. ठिपक्यावर टेकवताच त्या किंचाळल्या. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला, हाताचं रक्त थोपवलं आणि तिथेच पुन्हा दाबलं.

"आत्ता न्हाय दुखत!" त्या बघतच राहिल्या. पट्टा सोडताच कळ परत आली.

मला नाचावंसं वाटलं. ग्लोमस ट्यूमर! अंगाची उष्णता सांभाळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांपाशी होणारी ही गाठ. मोठ्यांत क्वचित, मुलांत त्याहून क्वचित. सहसा कॅन्सर नसतो, पण गार लागलं की जीव नकोसा करते.

"म्हंजी खरंच गाठ हाय?" सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "आन मी हिला नाटकी म्हणत हुते."

"निदान तुमच्या लिंबानेच झालंय, आजी."

एमआरआयमध्ये गाठ दिसली. आमच्या सर्जनने बोट बधिर केलं, नख उचललं आणि बाजरीच्या दाण्याएवढी गुलाबी गाठ अलगद काढली. बोट शाबूत. तपासणीतही साधीच गाठ निघाली.

नवं नख आल्यावर दोघी आल्या. मी वाटीत बर्फ ठेवला होता. सुनंदाताईंनी डोळे मिटून बोट टेकवलं. थांबल्या.

"गार लागतंय," त्या म्हणाल्या. "नुसतं गार लागतंय, म्याडम." आणि रडायलाच लागल्या. माझेही डोळे भरून आले.

या निदानाचं श्रेय मी सगळीकडे बिनदिक्कत घेते. ज्युनियर डॉक्टरांना मात्र एवढं सांगते, दुखणं कशाने वाढतं ते आधी विचारा. पेशंट विसरला तर त्याच्यावर चिडलेल्या नातेवाइकाला विचारा.