पिशवीवरची चिठ्ठी

माझी मुलगी एअर होस्टेस आहे. काल तिच्या कोटाला इस्त्री करताना खिशातून कागदी पिशवी निघाली, विमानात उलटीसाठी ठेवतात ती. तिच्यावर कुणा आजींनी लिहिलं होतं, "बाळा, तू हात धरलास म्हणून भीती गेली. सुखी राहा."

उघडून उघडून पिशवी घड्यांवर विरली होती. प्रवाशांच्या असल्या चिठ्ठ्यांनी या एअर होस्टेसना काय फरक पडतो, असं मीच म्हणायचे. आता त्या आजींचा हेवा वाटला. माझा हात हिने शेवटचा कधी धरला? घरी आली की दार लावून झोपते.

तेवढ्यात ती उठून आली. "आई, ती फेकू नकोस हं."

बारा वर्षं हिला शाळेचा डबा दिला. त्यात चिठ्ठी घालायचं मला एकदाही सुचलं नाही. त्या आजींना एका प्रवासात सुचलं.