इसार देण्याआधी चहा झाला म्हणून

मैत्रिणींनो, आज आम्ही मेढ्याहून सांगलीला जुनी पिकअप बघायला गेलो होतो. गाडी इतकी चकचकीत, की आमचे हे बघताक्षणी भुलले. इसार द्यायला खिशात हातसुद्धा घातला.

मी आत मालकिणीबरोबर चहा घेत होते. तिनं सहज विचारलं, "गाडीत काय भरणार?"

म्हटलं, "भाजी. आणि भातलावणीला जाताना आम्ही बायका मागं बसतो. आमच्याकडं सगळा घाटच."

तिनं कपबशी खाली ठेवली, अंगणात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, गाडी पुरात बुडाली हुती, ते सांगितलं का त्यास्नी? घाटात बायामाणसं बसणार हायती तिच्यात."

त्यानं गाडीची किल्ली परत खिशात टाकली. मग म्हणाला, "न्हाई सांगितलं. नका घेऊ, पावणं. ब्रेक मधीच दगा देत्यात."

निघताना तिनं मला हळदीकुंकू लावलं. एसटीत सारखं मनात येत होतं, आता घरात तिला काय ऐकावं लागत असेल?

तिच्या जागी तुम्ही बोलला असता का गं? मी बहुतेक चहाच पीत बसले असते.

आत्ता देवापुढं दिवा लावला, तिच्यासाठी हात जोडले, तेव्हा कळलं, तिचं नावच विचारलं नाही.