आधी आत बघू द्या

लघवीतून रक्त गेलं तेव्हा मी त्याला उन्हाळीच समजले. दुखत काही नव्हतं. दोन महिने धन्याचं पाणी पीत बसले. शेवटी सुनेनं मोरीत बघितलं आणि मला तेरहून धाराशिवला, तिथून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून मूत्राशयातली गाठ खरवडून काढली. तपासणीत कॅन्सर निघाला. सुरुवातीचा दिसतोय, म्हणाल्या.

"मग मूत्राशयच काढून टाका," मी म्हटलं. "गर्भपिशवी तर तिशीतच काढली. आमच्या गल्लीत कुणाची ऱ्हायलीय?"

"ती कशासाठी काढली?"

"अंगावरून पांढरं जात होतं. डॉक्टर म्हणला, पुढं कॅन्सर होईल."

"तपासणी काय केली होती?"

आठवून बघितलं. काहीच नाही. टाके निघाले तशी मी ऊसतोडीला गेले. कंबर तेव्हापासून धरलेली आहे.

"आजी, मूत्राशय काढलं तर पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावावी लागते, जन्मभर," त्या म्हणाल्या. "गाठ नुसत्या अस्तरात असेल तर एवढं कापायचं कारण नाही. खाली मांसात गेली असेल तर काढावंच लागेल. गाठ जोरानं वाढणाऱ्या जातीची आहे, म्हणून महिन्यानं पुन्हा दुर्बीण घालू. आधी आत बघू द्या."

तो महिना वाईट गेला. पोटाला पिशवी बांधून खुरपायला वाकायचं कसं, हेच डोक्यात. त्यात थोरली जाऊ येऊन म्हणाली, "कापत न्हाय असा डॉक्टर असतो व्हय? तुझं लई पुढं गेलेलं दिसतंय."

दुसऱ्या वेळी आत काही सापडलं नाही. मांस साफ होतं. मग आठवड्याला एकदा, असं सहा वेळा मूत्राशयात औषध सोडलं. आग व्हायची, पण मिशरी सोडायला लावली त्याचाच त्रास जास्त झाला. आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण. गाठ परत आली आणि औषधाला बधली नाही तर मूत्राशय काढू, असं त्यांनी सांगून ठेवलंय. चालेल. तेव्हा बघून तरी काढतील.

परवा जाऊनं विचारलं, "काढलं का मग?"

"न्हाय. हाय जागेवर."

"बघ बाई."

ती गेल्यावर मी मोरीत गेले. पाणी टाकायच्या आधी रंग बघितला. पिवळा.