गुऱ्हाळावर दिलेला शब्द

मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा होता, त्या वर्षी आमच्या घरी लुना आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. दोन्ही मुलं त्याच शाळेत, त्यामुळे दिवाळीची सुट्टी आम्हा तिघांना एकदमच लागायची. नवरा शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होता. त्याला सुट्टी नव्हतीच. हंगाम तोंडावर आलेला, यंत्रांची दुरुस्ती चाललेली. तो पहाटेच्या एसटीने जायचा आणि अंधार पडता पडता हातापायाला ग्रीस माखून यायचा.

म्हणजे मुलांना फिरवायचं काम माझ्याकडे. लुना आम्हा तिघांना घेऊन सपाट रस्त्यावर बरी पळायची, चढ आला की मात्र दमायची. मग मुलीने उतरून मागून ढकलायचं आणि मुलाने पुढे उभं राहून हॉर्न वाजवायचा, अशी वाटणी त्यांनी आपापसांत केली होती. त्यामुळे आमच्या सहलींची हद्द आपोआप ठरली. जिथवर फार ढकलावं लागत नाही, तिथवर जायचं. एका सकाळी रंकाळ्यावर जाऊन म्हशी मोजल्या. एकदा पंचगंगेच्या घाटावर शेपूट हलवत फिरणारे परीट पक्षी बघितले. मुलाला वाटलं, ते पायरीवर धुणं धुणाऱ्या बायकांच्या ओळखीचे असणार. एकदा नुसतंच शिंगणापूरच्या रस्त्याला कारळ्याची पिवळी शेतं बघायला गेलो, आणि शिदोरीतले दडपे पोहे सगळे एका कुत्र्याने खाल्ले. सकाळी हलकं धुकं असायचं, दहाला ऊन चटके द्यायला लागायचं. तेवढ्या वेळात जे होईल ते.

मुलीला मात्र साखर कशी होते ते बघायचं होतं. दोन वर्षं तिचे पप्पा तिला कारखाना दाखवतो म्हणत होते आणि दोन वर्षं काही ना काही निघत होतं. शेवटी मी म्हटलं, साखर राहू दे, गूळ दाखवते. ऊस तोच, रस तोच, आणि लुनाला परवडणारं अंतर.

वडणग्याच्या बाजूला एका शेतात गुऱ्हाळ सुरू झालं होतं. लांबूनच धूर दिसला आणि वास आला. मालक एक म्हातारे शेतकरी होते, अंगात बंडी, डोक्याला पटका. आम्हाला बघून त्यांनी कुठनं आलासा विचारलं, खाट पुढे ओढली आणि रसाचे तीन पेले भरून आणायला सांगितलं. मुलांना त्यांनी स्वतः सगळं दाखवलं. उसातून रस काढणारा चरक, वाळलेली चिपाडं ज्यात सारतात ते चुलवाण, आणि त्यावरची काहील, म्हणजे आमच्या न्हाणीघराएवढी लोखंडी कढई. काहिलीत रस उकळत होता. काहिलीशी उभा असलेला गुळव्या, म्हणजे गूळ नेमका कधी झाला ते ओळखणारा माणूस, लांब दांड्याने ढवळत होता. मुलीने त्याला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, पोरीला इथंच ठेवून जावा.

मग गूळ उतरवायची वेळ झाली. मुलं ताज्या गुळाची वाट बघत उभी राहिली. म्हाताऱ्यांनी सहज विचारलं, बाप काय करतो तुमचा? मुलीने अभिमानाने सांगितलं, साखर कारखान्यात असतात, बॉयलरवर.

गुळव्या आणि त्याच्याबरोबरचा गडी हसले. म्हाताऱ्यांनी मात्र चेहरा एकदम गंभीर केला.

"मग तुमास्नी गूळ न्हाय मिळायचा," ते म्हणाले. "आमचा सगळा ऊस तुमचा बाप न्हेतोय की."

मला चेष्टा कळली. मुलीलाही अर्धी कळली असावी, कारण ती वाद घालायला लागली. पप्पा ऊस नेत नाहीत, पप्पा फक्त पाइप दुरुस्त करतात, असं तिचं म्हणणं. मुलगा गुळाकडे बघत होता. मग तो पुढे झाला आणि म्हणाला, "मी पप्पांना सांगून कारखाना बंद करतो."

"शब्द?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"शब्द," मुलगा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. म्हाताऱ्यांनी त्या हातावर हात मारला आणि उसाच्या कांडक्यावर लिंबाएवढा ऊन ऊन गूळ लावून त्याला दिला. मुलीलाही दिला, काही शब्द न घेता. घरी पोचेपर्यंत माझ्या पाठीवर आणि लुनाच्या हँडलवर गूळच गूळ झाला होता.

संध्याकाळी नवरा घरी आला. तो चपला काढतो न काढतो, तोच मुलाने त्याच्यापुढे विषय काढला. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण नवऱ्याला अशा गोष्टी फार मनापासून ऐकायची सवय. त्याने सगळा सौदा नीट ऐकून घेतला, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बंदच हाय की रे कारखाना. अजून चालू कुठं झालाय?"

ते खरंच होतं. हंगाम सुरू व्हायचा होता. मुलाचं समाधान झालं, तो जेवला आणि झोपला. मी नवऱ्याला म्हटलं, आठ दिवसांनी काय सांगणार आहेस? तो म्हणाला, आठ दिवसांत तो विसरेल.

तो विसरला नाही. दिवाळी झाली, किल्ल्यावरचे मातीचे मावळे मुलीने जपून डब्यात भरले, आणि पाडव्यानंतर चार दिवसांनी नवरा रात्रपाळीला निघाला. डबा घेऊन दारात उभा असताना तो मला सहज म्हणाला की आज मोळी पडली. कारखाना सुरू होताना उसाची पहिली मोळी टाकतात, त्याला आमच्याकडे तसं म्हणतात. मुलगा तिथेच जमिनीवर गाडी खेळत होता. त्याने गाडी थांबवली.

मोळी म्हणजे काय, हे त्याने बहिणीला विचारलं. बहिणीने सांगितलं. मग तो बापाकडे गेला. रडला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाला, तुम्ही बंद आहे म्हणाला होतात. माझ्या नवऱ्याची त्या दिवशी पंचाईत झाली. एसटीची वेळ झालेली असताना तो उंबऱ्यावर बसला आणि त्याने मुलाला खरं खरं सांगितलं. कारखाना माझ्या हातात नाही, मी नुसता नोकर आहे, आणि त्या दिवशी मी तुला फसवलं.

"मग गूळ परत द्याय पाहिजे," मुलगा म्हणाला.

गूळ तर पोटात जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी म्हटलं, दुकानातून गूळ घेऊ आणि देऊन टाकू. पण त्याला ते पटेना. त्यांच्याकडे गूळ ढीगभर आहे, त्यांना कशाला, असं त्याचं म्हणणं. तोड नवऱ्यानेच काढली. पहिली साखर पोत्यात पडली की तिची पूजा होते आणि सगळ्यांना मूठ मूठ प्रसाद मिळतो. त्याने आपल्या वाट्याची साखर कागदाच्या पुडीत बांधून आणली आणि मुलाच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी आवरून बाहेर येते तर मुलगा पुडी घेऊन लुनावर बसलेला.

गुऱ्हाळावर म्हातारे सगळा सौदा विसरून गेले होते. आम्हाला ओळखलं, रस मागवला, पण शब्द वगैरे त्यांच्या काही लक्षात येईना. मुलाने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. कारखाना बंद झाला नाही, तो पप्पांच्या हातात नाही, गूळ खाऊन संपला आणि म्हणून ही साखर. म्हातारे ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. मग ते उठले, हात धुऊन आले, पुडी उघडली आणि ती मूठभर साखर आमच्या समोर उभं राहून सगळी खाल्ली. बंडीवर सांडलेले चार दाणेसुद्धा वेचून खाल्ले.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. मग खाटेवर बसून त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. "आता माजं ऐक. माजा निम्मा ऊस मीच कारखान्याला घालतो. सभासद हाय मी तिथला."

मला हसू आवरेना, म्हणून मी चरकाकडे बघितलं. मुलगा मात्र हसला नाही. म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत, असं तो त्यांना म्हणाला.

"व्हय," म्हातारे म्हणाले. "चुकलंच की माजं."

पाच वर्षांच्या मुलाला पंच्याहत्तरीचा माणूस चुकलं म्हणतो, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं. मुलाने थोडा विचार केला आणि बहिणीकडे बघितलं. अशा वेळी पुढचं तीच ठरवायची. तिने दंड सुचवला. आम्हाला आमच्या हाताने ढेप करायला द्यायची. गुळव्या आधी नको म्हणाला, पोरं भाजतील. मग गूळ चांगला कोमट झाल्यावर त्याने एका डब्याला आतून ओलं फडकं लावलं आणि दोघांना तो भरायला दिला. त्यांनी तो गच्च दाबून भरला. मुलीने वर काडीने आपलं नाव कोरलं, मुलाला नाव लिहिता येत नव्हतं म्हणून त्याने एक गोल काढला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते बॉयलरचं चाक होतं.

ती ढेप मांडीवर धरून मुलगा घरी आला. वाटेत ऊन लागून एक बाजू पाघळली आणि त्याच्या दिवाळीच्या नव्या शर्टाला चिकटली. शर्ट तीन वेळा धुतला, तरी त्यावर मुंग्या येतच राहिल्या. मी तो शेवटी फरशी पुसायला घेतला.

शाळा उघडली तेव्हा मुलीच्या वर्गात बाईंनी विचारलं की सुट्टीत कोण कुठे गेलं होतं. कुणी गोव्याला गेलं होतं, कुणी मामाकडे मुंबईला. आमच्या मुलीने उभं राहून सांगितलं की आम्ही वडणग्याला गेलो होतो, दोनदा, कारण भावाचं एका आजोबांशी भांडण मिटवायचं होतं. त्या बाई माझ्याच शाळेतल्या. मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना?