बिनानळीची बरोबरी

"टेबलावरबी सवलतच लागती व्हय रं तुमच्या लोकांना?"

आबासाहेब सगळ्यांदेखत म्हणाला. सांगलीच्या विश्रामबागेतलं पूल पार्लर, संध्याकाळचे सहा. वीसेक माणसं भोवती उभी. सगळी खदखदून हसली. मीही हसलो. त्या हसण्याची चीड मला अजून येते.

माझ्या हातात नळी होती. काठीच्या मागच्या टोकाला ती बसवली की काठी हातभर लांब होते आणि टेबलाच्या पलीकडचा बॉल मारता येतो. पूल खेळताना एक पाय जमिनीवर टेकलेलाच हवा. हात पुरत नसेल तर नळी लावायची, हे नियमातच आहे. पार्लरच्या भिंतीवर खिळ्याला ती टांगलेली असायची. सगळ्यांसाठी.

माझी उंची पाच फूट एक इंच. बहात्तरच्या दुष्काळात मी सहा-सात वर्षांचा होतो. सरकारनं वाटलेल्या सुकडीवर वाढलेलं अंग वाढून वाढून किती वाढणार? आबासाहेब आष्ट्याचा, उसाच्या पैशातला, सहा फुटी. त्याच्या दुधासाठी लहानपणी घरी वेगळी म्हैस होती, हे तो स्वतःच सांगायचा. मी रहिमतपूरकडचा, बौद्ध घरातला. दोघंही एकाच सरकारी कचेरीत कारकून, टेबलाला टेबल लावून. मी राखीव जागेतून आलो, तो वशिल्यातून. पण कचेरीत टोमणे फक्त मला. आबासाहेबाला सगळे अहोजाहो करायचे. मीही करायचो. इथं करणार नाही.

पार्लरच्या मालकानं सामने लावले होते. ही शेवटची लढत आम्हा दोघांत, तीन डावांची. जिंकेल तो सांगलीकडून साताऱ्याला खेळणार. साताऱ्यात माझी बहीण दिलेली. रहिमतपूरहून वडील येणार होते. आयुष्यभर त्यांनी मला परीक्षेचे फॉर्म भरताना पाहिलं, कुठं जिंकताना पाहिलं नव्हतं. मला साताऱ्याला जायचं होतं. काही करून जायचं होतं.

आणि मी काय केलं? हसणं थांबलं तशी नळी परत खिळ्याला अडकवली. दाखवूनच देतो म्हटलं. चवड्यांवर उभा राहिलो, पोट टेबलाच्या कडेला दाबलं, हात ताणला. काठी थरथरली. पांढरा बॉल भलतीकडेच गेला. पहिला डाव मी निव्वळ लाजेपायी घालवला.

दुसऱ्या डावात आबासाहेबाचा बॉल पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला. सहा फुटी अंगालाही पुरेना. त्यानं मान न वळवता हात मागं केला.

"ए, नळी दे रं."

मला म्हणाला. समोरच्या खेळाडूला. आणि माझा हात उठला! कचेरीत फाईल द्यायला उठतो तसाच. खिळ्यापर्यंत गेलासुद्धा. तिथं माझं टाळकं सरकलं.

"आवं आबासाहेब, तुमची तुमी घ्या. मी काय तुमच्या रानातला गडी न्हाई."

त्यानं नळी घेतली, बसवली, बॉल भोकात घातला. टाळ्या पडल्या. सवलत हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझी पाळी आली तेव्हा मी नळी सावकाश बसवली, एकेकाच्या तोंडाकडं बघत. दुसरा डाव मी जिंकला.

मग मालक आणि आबासाहेब कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. मालक त्याच्याच पाव्हण्यांतला. परत आला, नळी गल्ल्याच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.

"शेवटचा डाव बिनानळीचा. दोगंबी सारकं. बरोबरी."

बरोबरी! सहा फूट आणि पाच फूट एक इंच. म्हशीचं दूध आणि सुकडी. यांची बरोबरी अशीच असते. पिढ्यान्‌पिढ्या स्वतः खाऊन घ्यायचं आणि शर्यतीच्या वेळी म्हणायचं, चला, आता सगळे सारखे.

मी म्हणालो, "नियम बदलला न्हवं? मग फळ्यावर लिवा. खाली सही करा."

"लय शाना झालास व्हय? खेळायचं तर खेळ, न्हाईतर चालायला लाग." मालक म्हणाला.

एकदा वाटलं, खेळावं. नशिबानं जिंकूही. वडील इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसतील. जीव नुसता तुटत होता. पण त्या अटीवर खेळलो असतो तर ती असली बरोबरी मीच मान्य केली असती.

काठी टेबलावर आडवी ठेवली.

"मी हरलो न्हाई. तुमी नळी कुलपात घातली. कुणीबी इचारलं तर ह्येच सांगणार."

आबासाहेब साताऱ्याला गेला. वडिलांना मी घडलं ते सगळं सांगितलं. ते उठून कामाला लागले.

मला त्यांची समजूत काढता आली नाही. माझीही काढायची नाही. राग आहे तसा राहू दे, मला तो लागणार आहे. नियमानं जे माझं आहे ते मी चारचौघांत उचलणार. ज्याला खुपत असेल त्यानं नियम बदलावा. पण माझ्यासमोर, लिहून, खाली स्वतःचं नाव घालून. तोंडी बरोबरी मी मानत नाही.